आराम की श्रम? मधुमेह, हृदय आणि व्यायाम यांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी हा विषय सुचवला तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे; आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला मनुष्य आहे. तरीही होकार दिला, तो दोन कारणांनी. एक तर या विषयाला मोठा इतिहास आहे आणि तो रोग्यापुढे सहसा कोणी मांडत नाही. डॉक्टर सांगतात, ‘चालत जा’. पण हा सल्ला कोठून आला, मध्ये तो का मागे पडला आणि पुन्हा कसा सिद्ध झाला, हे सांगायला त्यांना सवड नसते. दुसरे कारण घरगुती आहे. मी स्वतः चौदा वर्षे मधुमेही आहे, आणि माझे वडीलही होते.

१९७४ साली वडिलांच्या लघवीत साखर सापडली. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. तालुक्याच्या गावी आमचे किराणा दुकान. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेला देह. पुढेही सकाळी विहिरीवरून आठदहा कळशा पाणी ते स्वतः आणीत, आणि आठवड्याच्या बाजाराला तीन मैल पायी जात. रोग कळला त्या दिवसापासून घरातील सर्वांनी त्यांना जपायला सुरुवात केली. आईने हातातली कळशी काढून घेतली. चुलत्यांनी बाजाराचे काम आपल्याकडे घेतले. ‘अण्णा, आता तुम्ही आराम करा,’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येई. साखर बंद झाली, पण भाताचा ढीग तसाच राहिला. आणि अण्णा गादीवर तक्क्याला टेकून बसू लागले. चार वर्षांनी एके सकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, धाप लागली. छातीत दुखत नव्हते. म्हणून सर्वांनी पित्त ठरवले आणि आले-लिंबू दिले. संध्याकाळी ते गेले. तो हृदयविकाराचा झटका होता, हे आम्हांला मागाहून कळले.

अण्णांच्या हातात कळशी राहिली असती तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत असे कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्या मायेने आम्ही त्यांना बसवून ठेवले, ती माया योग्य होती का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळत आला आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्याचे उत्तर शोधत गेलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रारंभ आपल्याच भूमीपासून केला पाहिजे. चरक आणि सुश्रुत यांच्या कालनिर्णयाच्या वादात मी शिरत नाही. दोघांच्याही संहितांत प्रमेहाचे सविस्तर वर्णन आहे, आणि मधुमेह हा त्यातलाच एक प्रकार. चरकाने निदानस्थानात एक सुंदर उपमा दिली आहे. तिचा भावार्थ असा की, खाण्याचा हव्यास असलेल्या आणि स्नानाचा व चालण्याचा कंटाळा करणाऱ्या माणसाकडे हा रोग लगबगीने येतो, जसे पक्षी आपल्या घरट्याच्या झाडाकडे येतात.

सुश्रुत याच्याही पुढे जातो. तो रोग्यांचे दोन वर्ग करतो. एकाचा रोग जन्मजात, दुसऱ्याचा अपथ्यामुळे झालेला. पहिला रोगी कृश, दुसरा बहुधा स्थूल. रोग वाढलेल्या माणसाला तो व्यायाम सांगतो, कुस्ती सांगतो, हत्ती-घोड्यावर बसणे आणि शस्त्रांचा सराव सांगतो. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही, आप्त नाहीत, त्याने काय करावे? त्याने पायांत वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. योजन म्हणजे चार कोस धरले तर हे अंतर चारशे कोस भरते. म्हणजे आळंदीहून पंढरपूरला पायी जाण्याच्या सुमारे पाच पट! आणखी कोणाला तो गाईंमागून फिरायला सांगतो, कोणाला नांगर धरायला, कोणाला विहीर खणायला. आणि या सगळ्या कष्टांच्या यादीनंतर तो बजावतो की, कृश रोग्याला मात्र सतत जपले पाहिजे.

या शेवटच्या सूचनेकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. आज वैद्यक मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार मानते. पहिल्या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. दुसऱ्यात ते असते, पण त्याचे चालत नाही. प्राचीनांच्या वर्गीकरणात आजचे सारे शास्त्र होते असा दावा करणे हे भाबडेपणाचे होईल. त्यांना इन्सुलिन ठाऊक नव्हते, रक्तातील साखर मोजण्याचे साधन नव्हते. त्यांची प्रत्येक सूचना आज पाळण्याजोगीही नाही. मधुमेह्याच्या पायांची संवेदना मंदावते, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. म्हणून अनवाणी चालणे हे आज निषिद्धच मानले पाहिजे. पण उघड्या डोळ्यांनी रोगी पाहून ‘सर्वांना एकच औषध नको’ एवढे त्यांनी ओळखले, हे थोडे नाही.

आता युरोपकडे वळू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये बुशार्दा नावाचा एक औषधशास्त्रज्ञ आणि आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक होऊन गेला (१८०६-१८८६). रोग्याच्या आहारातील साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी करण्यावर त्याचा भर होता. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा दुष्काळ पडला. तेव्हा काही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे बुशार्दाने टिपून ठेवले. पण केवळ उपासावर तो थांबला नाही. अंगमेहनत करणाऱ्या रोग्याला अधिक अन्न पचते, हे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून तो रोग्यांना घाम गाळण्याचा आग्रह करी. असे का होते, याचे एक उत्तर १८८७ साली शोव्हो आणि कॉफमान या दोघांनी घोड्यावर प्रयोग करून दिले. घोडा चारा चघळीत असताना त्याच्या तोंडाच्या स्नायूत जाणारे आणि तेथून बाहेर पडणारे रक्त त्यांनी तपासले. स्वस्थ स्नायूपेक्षा काम करणारा स्नायू रक्तातून कितीतरी अधिक साखर ओढून घेतो, असे त्यांना आढळले. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यास त्याला मधुमेह होतो हे दाखवले. रोगाचे मूळ आणि साखरेचा ग्राहक, दोघांचाही पत्ता लागला.

१९२१-२२ साली कॅनडातील टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. बँटिंग आणि बेस्ट, त्यांचे सहकारी कॉलिप व मॅक्लिऑड यांची कथा सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी मधुमेह झालेले मूल म्हणजे वर्ष-दोन वर्षांचे सोबती. इन्सुलिनने ही मुले मृत्यूच्या दारातून परत आणली. इतका मोठा चमत्कार झाल्यावर व्यायामासारख्या जुन्या गोष्टीची कोणाला आठवण राहणार? तरी काहींना राहिली. त्यांतला एक लंडनचा डॉक्टर आर. डी. लॉरेन्स. हा स्वतः मधुमेही. आता आपण जगत नाही अशा समजुतीने तो इटलीत फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिला होता. १९२३ च्या मे महिन्यात इन्सुलिन मिळाल्याची तार आली आणि तो लंडनला परतला. पुढे १९६८ पर्यंत जगला. १९२६ साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. इन्सुलिन घेतल्यावर श्रम केले तर साखर अधिक वेगाने उतरते, असे त्यात दाखवले होते. अमेरिकेत बोस्टनचे डॉक्टर जॉस्लिन आपल्या रोग्यांना सांगत की, मधुमेहाचा रथ तीन घोड्यांनी ओढायचा आहे: आहार, इन्सुलिन आणि व्यायाम. खेदाची गोष्ट एवढीच की पहिले दोन घोडे सर्वांनी जोडले आणि तिसरा पागेतच राहिला.

इन्सुलिनमुळे आणखी एक अनपेक्षित गोष्ट घडली. पूर्वी रोगी मूर्च्छेने मरत. आता ते पुष्कळ वर्षे जगू लागले आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरू लागले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून हजारो नागरिकांची पिढ्यान्‌पिढ्या तपासणी चालली. १९७९ साली तेथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, मधुमेह असणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका इतरांच्या दुपटीच्या घरात आहे, आणि स्त्रियांच्या बाबतीत मधुमेहाचा हा परिणाम अधिकच तीव्र आहे. येथे जमलेल्या भगिनींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे घरातील बाईचा थकवा हा आजार म्हणून धरलाच जात नाही. शिवाय मधुमेहात मज्जातंतू क्षीण होतात, म्हणून हृदयाचा झटका कधी कधी छातीत न दुखताच येतो. नुसता घाम, नुसती धाप, नुसती मळमळ. आमच्या घरी त्याला पित्त म्हटले गेले.

मग हृदयासाठी श्रम चांगले की वाईट? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे उत्तर ‘वाईट’ असेच होते. झटका आलेल्या रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत. १९५२ साली लेव्हाइन आणि लाऊन या बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकरच खुर्चीवर बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते धाडसच वाटले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला. त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू पुन्हा हिंडते-फिरते केले. साऱ्या जगाने ते वर्तमानपत्रांतून वाचले. पुढे १९६६ साली डॅलस येथे विशीतले पाच निरोगी तरुण तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची श्रमाची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी हेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जितकी हानी केली, त्याहून अधिक हानी तीन आठवड्यांच्या आरामाने केली होती!

पण या वादाला खरे वळण मिळाले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांत. जेरेमी मॉरिस या डॉक्टराच्या मनात आले की, एकाच बसवर दोन माणसे काम करतात. पगारात, राहणीत फारसा फरक नाही. चालक दिवसभर बसून असतो. वाहक दिवसभर जिना चढतो-उतरतो, रोज शेकडो पायऱ्या. त्याने सुमारे एकतीस हजार कामगारांची माहिती जमवली आणि १९५३ साली प्रसिद्ध केली. वाहकांना हृदयविकार कमी होता. झाला तरी तो उशिरा आणि सौम्य. टपाल खात्यातही तेच दिसले: पत्रे वाटत हिंडणारे पोस्टमन बसून काम करणाऱ्या कारकुनांहून सुरक्षित.

आता मॉरिसच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगतो, कारण इतिहासकाराला ती फार मोलाची वाटते. कोणी म्हणेल, जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील. मग दोष बसण्याचा की मुळच्या देहाचा? ही शंका मॉरिसने स्वतःच घेतली. बसकंपनी कामगारांना गणवेश शिवून देत असे. त्या तुमानींच्या कमरेची मापे त्याने तपासली. आणि खरोखरच, चालकांची कंबर तरुण वयापासूनच वाहकांपेक्षा मोठी होती! १९५६ साली त्याने हेही छापले. आपल्याच सिद्धांताला छेद देणारा पुरावा जो लपवीत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा. पुढे कित्येक वर्षे त्याने व इतरांनी या शंकेचे निरसन करणारे अभ्यास केले आणि मूळ निष्कर्ष टिकला. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगला.

आता मधुमेह आणि व्यायाम यांच्या प्रत्यक्ष कसोटीकडे येऊ. १९८६ साली चीनमधील दाचिंग या तेलनगरात ५७७ माणसे निवडली. त्यांची साखर वाढू लागली होती, पण मधुमेह झाला नव्हता. काहींना आहार, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही सांगितले. काहींना विशेष काही नाही. सहा वर्षांनी, ज्यांना काही सांगितले नव्हते त्यांतल्या शंभरांपैकी ६८ जणांना मधुमेह झाला. व्यायामाच्या गटात ४१ जणांना. तीस वर्षांनंतरचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. उपाय करणाऱ्यांत मधुमेह सुमारे चार वर्षे लांबला होता आणि हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना चतुर्थांशाने कमी झाल्या होत्या. फिनलंडमध्ये २००१ आणि अमेरिकेत २००२ साली असेच निष्कर्ष निघाले. आपल्या देशात चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला: राहणी न बदलणाऱ्या शंभरांत ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला, राहणी बदलणाऱ्यांत ३९ जणांना.

ही झाली प्रतिबंधाची गोष्ट. रोग जडल्यावर काय? येथे मला आपल्यापुढे एक अप्रिय निकालही ठेवला पाहिजे; नाहीतर हे व्याख्यान जाहिरात ठरेल. २००१ साली अमेरिकेत स्थूल मधुमेह्यांवर एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. ५१४५ माणसे त्यात होती. अर्ध्यांना कसून व्यायाम व मोजका आहार, अर्ध्यांना साधा उपदेश. पहिल्या गटाचे वजन उतरले, दम वाढला, औषधे कमी लागली. पण हृदयाच्या झटक्यांत आणि मृत्यूंत दोन गटांमध्ये फरक पडला नाही! २०१२ साली प्रयोग थांबवण्यात आला.

मग व्यायाम व्यर्थ ठरला का? तसे नाही. दोन्ही गटांना रक्तदाबाची आणि रक्तातील चरबीची उत्तम औषधे मिळत होती, त्यामुळे झटके मुळातच अपेक्षेपेक्षा कमी आले. हे एक कारण सांगतात. दुसरी गोष्ट अशी की, वजन आणि दम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २००० साली डॅलसच्या अभ्यासकांनी १२६३ मधुमेही पुरुषांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा दम मोजला होता आणि सरासरी बारा वर्षे त्यांची वार्ता ठेवली होती. ज्यांचा दम कमी, त्यांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून किंचित अधिक निघाले. अर्थात दम कमी असणे हे आधीच्या आजाराचेही लक्षण असू शकते, हे विसरून चालणार नाही. या सर्वांतून मी घेतलेले तात्पर्य असे: व्यायाम हा औषधांचा शत्रू नव्हे आणि त्यांचा पर्यायही नव्हे. तो जॉस्लिनचा तिसरा घोडा आहे. एकट्याने रथ ओढावा अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

हा घोडा ओढतो कसा, तेही थोडक्यात सांगतो. स्नायूच्या पेशीत साखर शिरण्यासाठी वाहक लागतात. त्यांतल्या मुख्य वाहकाला ‘ग्लूट-४’ म्हणतात. एरवी तो आत दडलेला असतो आणि इन्सुलिनची हाक आली की दाराशी येतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही हाक ऐकू येईनाशी होते. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तोच वाहक इन्सुलिनच्या हाकेवाचूनही दाराशी येतो! घोड्याच्या तोंडात शोव्होने जे पाहिले, त्याचे मर्म हे होते. शिवाय व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवस स्नायूला इन्सुलिनची हाक अधिक चांगली ऐकू येते. म्हणून डॉक्टर सांगतात, आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे भरभर चाला, आणि लागोपाठ दोन दिवस खाडा करू नका. जोर-बैठकांसारखा स्नायूंचा व्यायामही जोडीला हवा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र इन्सुलिन अपुरे असताना जोराचा व्यायाम केला, तर साखर उतरण्याऐवजी चढते आणि रक्तात विषारी आम्ले साचतात. सुश्रुताने कृश रोग्याला जपायला सांगितले, त्याची येथे आठवण होते.

शेवटी आपल्या घरच्या दोन गोष्टी. ‘मी तर सडपातळ आहे, मला काय होते?’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली आपले आणि आपले लंडनचे स्नेही डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या देहात चरबी शेकडा ९ आणि याज्ञिकांच्या देहात शेकडा २१! आपण दिसतो बारीक, आत असतो लठ्ठ. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही त्यांना हेच दिसले. या देशात २०२१ साली दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला, त्यामागचे हे एक कारण आहे.

दुसरी गोष्ट शतपावलीची. जेवणानंतर अंगणात शंभर पावले टाकण्याची आपली जुनी चाल. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेह्यांवर एक प्रयोग झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून कधीतरी एकदम तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर अधिक उतरली, रात्रीच्या जेवणानंतर तर विशेषच. शंभर पावलांना दहा मिनिटे लागत नाहीत. तेव्हा शतपावलीची सहस्रपावली करावी एवढेच.

माझे सांगणे संपत आले. छातीत दडपण येत असेल, दृष्टिपटलाचा विकार असेल, पायाला जखम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर चालायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. पायांत चांगले बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे पाहा. मधुमेही माणसाला एकाएकी घाम आणि धाप लागली, तर पित्त म्हणून वाट पाहत बसू नका, दवाखाना गाठा. आणि घरात कोणाला हा रोग जडला, तर मायेपोटी त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. आमच्या घरी ती चूक झाली. ती कोणाच्या दुष्टपणाने झाली नाही, अज्ञानाने झाली. म्हणूनच ती टाळता येण्याजोगी होती.

आईची ती कळशी अजून माझ्या घरी आहे. विहीर बुजली, नळ आला. तरी रोज सकाळी कुंडीतल्या झाडांना मी त्याच कळशीने पाणी घालतो, आणि मग चालायला जातो.